जागच्या जागी

सशाच्या जबड्याची शेवटची काचपट्टी तिने सूक्ष्मदर्शकाखालून काढली. बारा जबड्यांत हाड भरून यावं म्हणून कृत्रिम कण घातले होते, त्याला तीन महिने झाले. सहांमध्ये नव्या हाडाने कण पोखरून, बाजूला सारून आपली जागा केली होती. उरलेल्या सहांत कण ठेवले तसेच, हाडाचा मागमूस नाही. मोजणाऱ्याचं मन कुठे झुकू नये म्हणून कण हलू नयेत म्हणून कोणत्या सहा जबड्यांत गोंद लावलाय हे तिला सांगितलेलं नव्हतं. आता तिने यादीचं पाकीट फोडलं. हाड न आलेले सहाही जबडे गोंद लावलेले होते.

तिच्या आईचा दात बसवण्याआधी जबड्यात हेच कण भरले, तेव्हा डॉक्टर नको म्हणत असताना तिनेच हट्टाने हाच गोंद लावायला लावला होता.

तिने फोन लावला. "आई, आज एक्स-रे होता ना गं? काय दिसलं?"

"अगं, आवाज का असा तुझा? सगळं छान आहे. मी स्वतः पाहिलं," आई कौतुकाने म्हणाली. "तीन महिने झाले, पण एक कण जागचा हललेला नाही."