बाळाच्या दोन श्वासांएवढं

"वा, सरकार! आज काय हात बसलाय!"

बंद दारामागून नवऱ्याचं हसू आलं आणि बाळाला थोपटणारा तिचा हात जागीच थांबला. असं मोकळं हसू गेल्या सहा महिन्यांत या घरात ऐकू आलं नव्हतं. निदान तिच्या वाट्याला तरी नाही.

तो घरूनच काम करायचा. अलीकडे रोज दुपारी तीनला चहाचा कप घेऊन आतल्या खोलीत जायचा, दार लोटायचा आणि साडेतीनला बाहेर यायचा. "डोकं हलकं करतो जरा," म्हणायचा. डोकं कुठे हलकं होतंय ते तिला परवा कळलं. तो अंघोळीला गेला होता आणि फोन ओट्यावर राहिला होता. गोल्फच्या कुठल्याशा ऑनलाइन खेळातला निरोप पडद्यावर उमटला. 'राणीसरकार: उद्या तीन. वाट बघते.'

वाट बघते म्हणे!

"कोणाबरोबर खेळतोस रे?" भाजी चिरता चिरता तिने विचारलं.

"असंच. कोणीही असतं."

"बाई की बुवा?"

"खेळात कसली बाई नि कसला बुवा!" तो म्हणाला आणि उठून स्वतःचा कप विसळायला लागला. न सांगता त्याने कप विसळला, तेव्हाच तिची खात्री पटली.

बोलायचं कोणाशी? सासूबाई तिने फक्त फोटोत पाहिलेल्या. आई दूर, भावाकडे. रविवारी व्हिडिओ कॉलवर वहिनीने फोन धरला आणि आई नेहमीसारखी खुर्चीत बसून बोलली, ऐन उन्हाळ्यात अंगभर शाल घेऊन. हिवाळ्यात आई आजारी पडली तेव्हा हिला नववा महिना होता. 'आई बरी आहे, तू स्वतःकडे बघ,' यापलीकडे कोणी काही सांगितलं नव्हतं.

"सहा महिन्यांची झाली ग तुझी नात. मांडीवर घ्यायला कधी येतेस?"

"येते ना. थोडी कळ काढ."

"सगळ्यांसाठी मीच कळ काढायची!"

आई ओशाळून हसली. नवऱ्याचा विषय हिच्या ओठांवरच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने तो खेळ आपल्या फोनवर घेतला. नाव ठेवलं 'सुई'.

लांबचे फटके चार दिवसांत जमले. खरी मेख होती खड्ड्याजवळच्या शेवटच्या तीसचाळीस पावलांत. तिथे वेज नावाची काठी घ्यायची, चेंडू उंच उडवायचा आणि खड्ड्याशेजारी अलगद उतरवायचा. बोटाने चेंडू मागे ओढायचा, थोपवून धरायचा, नेमक्या क्षणी सोडायचा. बोट जरा हललं की चेंडू वाळूत.

बाळ उजव्या हातावर झोपलेलं असायचं, म्हणून ती डाव्या हाताने खेळायची. पहिले वीस चेंडू तळ्यात गेले. मग एका सकाळी, बाळाचा श्वास नीट चालतोय ना म्हणून ती सवयीने छातीकडे बघत होती आणि तिला माप सापडलं. अर्धी ओढ, बाळाचे दोन श्वास, बोट सरळ वर. चेंडू खड्ड्यापासून वीतभर अंतरावर टेकला.

पुन्हा मारला. पुन्हा वीतभरच.

पंधरा दिवसांनी, तीनला दहा मिनिटं असताना, तिने खेळात राणीसरकारला शोधलं आणि तीन खड्ड्यांच्या सामन्याचं बोलावणं धाडलं. ते लगेच स्वीकारलं गेलं. तयारच बसलेली असते, बया!

बया भलतीच संथ. प्रत्येक फटक्याला दिलेला सगळा वेळ खायची. चेंडू खड्ड्याजवळ नीट आणायची आणि वेज हातात आली की तो हमखास डावीकडे घसरायचा. सुईने तिन्ही खड्डे जिंकले. प्रत्येक वेळी पलीकडून सावकाश एकच शब्द यायचा. 'छान.'

दोन शब्द जोडून बोलायलाही तयार नाही. केवढा तो तोरा! माझ्या नवऱ्याशी मात्र 'वाट बघते'.

तीनला एक मिनिट होतं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तिने भराभर टाइप केलं. 'हात थरथरतो तुमचा. तुमच्याच्याने हे जन्मात व्हायचं नाही. उगाच दुसऱ्यांच्या घरातल्या माणसांचा वेळ खाऊ नका.'

पलीकडे काहीतरी लिहिलं जात होतं. थांबलं. पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग राणीसरकार खेळातून निघून गेली.

तिला इतकं हलकं वाटलं की तिने बाळाचा पापा घेतला.

तीन वाजून गेले तरी आतून हसू आलं नाही. सव्वातीनला नवरा कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. मनधरणी चालली होती. मग दार उघडलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"काय रे, आज खेळ नाही?" तिने गोड आवाजात विचारलं.

"तुला सांगायचं नव्हतं. शपथ घातली होती मला," तो म्हणाला आणि फोन तिच्यापुढे धरला. "पण आता तूच समजाव. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितला म्हणून मीच शिकवला हा खेळ. दोन महिन्यांपूर्वी चमचा धरवत नव्हता, आता चेंडू खड्ड्यापाशी नेतात. आणि आज म्हणतात, सगळं बंद."

पडद्यावर आई होती. शाल खांद्यावरून घसरली होती आणि उजवा हात मांडीवर दुसऱ्या कोणाचा ठेवावा तसा पडला होता.

"नको ग वाट बघूस माझी," आई म्हणाली. "बाळ नाही उचलता यायचं मला. हात थरथरतो माझा."