दोन तांबडे ठिपके

पडद्यावर पांढऱ्या प्रवाळाचे झाड आले, तसा मीमून खुर्ची सोडून पुढे सरकला. हा माणूस प्रत्येक झाड इतक्या जवळून का पाहतो, हे प्रवाळ मोजायला आलेल्या डॉ. नुफिसाला कळत नसे. तो समुद्रातून गॅसची नळी टाकणाऱ्या कंपनीचा निरीक्षक होता.

मोरोक्कोतल्या अल होसेइमासमोरच्या समुद्रात, चारशे मीटर खाली, त्यांच्या जहाजावरून सोडलेले बिनमाणसाचे पाणयान शेवटची फेरी मारत होते. त्याचे दोन लेसर दिवे प्रवाळावर दोन तांबडे ठिपके टाकत. ठिपक्यांमधले अंतर दहा सेंटिमीटर धरायचे आणि त्या मापाने उंची काढायची. सरासरी उंची तीस सेंटिमीटरच्या वर गेली तर गॅसची नळी वळसा घेणार होती. नाहीतर ती थेट या प्रवाळबागेवरून जाणार होती.

सरासरी एकतीस भरली. नुफिसाचे समाधान झाले नाही. शेजारच्या खडकावर तिने पूर्वी स्वतः पन्नास सेंटिमीटर उंची मोजली होती. शिवाय मोहिमेच्या पहिल्याच सकाळी मीमून पाणयानापाशी पेचकस घेऊन उकिडवा बसलेला तिला दिसला होता. काच पुसतोय, म्हणाला. ठिपके जरा दूर सरकवले की झाडे मापात खुजी होतात, हे तिला कोणी शिकवायला नको होते.

जेवताना कप्तान हाज हद्दूने त्याला 'सी', म्हणजे साहेब, म्हणत टोमणा मारला, "सार्डिन आमच्या समुद्रातली, पण मीठ कंपनीचं. होय ना, सी मीमून?" मीमून नुसता हसला. आपले वडील याच खडकावर गळ टाकत, एवढे बोलून त्याने पाव तेलात बुडवला. नुफिसाला वाटले, विश्वास मिळवायचा झाला की माणूस आधी बापाला पुढे करतो.

चहा होताच तिने दिव्यांमधले अंतर मोजायची मागणी केली. सगळ्यांसमोर, आणि नळीचा निर्णय घेणाऱ्या किनाऱ्यावरच्या परीक्षकांना थेट दिसेल असा कॅमेरा चालू ठेवून.

मीमूनचा पेला ओठांपाशीच थांबला.

"लल्ला नुफिसा, एकतीस भरलंय ना? मग कशाला उकरून काढायचं? राहू द्या."

"बघा, हाज," ती कप्तानाला म्हणाली, "चोराच्या मनात चांदणं."

मीमूनने पेला खाली ठेवला.

डेकवर पाणयानासमोर फळी उभी केली. तिच्यावर दोन ठिपके उमटले. नुफिसाने कॅमेरा धरला. हाज हद्दूने चष्मा चढवून पट्टी लावली.

"आठ."

"बारा असतील. नीट बघा."

"डोळे शाबूत आहेत अजून. आठ."

तिने पट्टी हिसकावून स्वतः लावली. मग मनाशी हिशेब केला. ठिपके जवळ आणल्याने झाडे मापात उंच झाली होती; एकतीसचे खरे पंचवीस होत होते, तीसच्या खाली.

कॅमेरा चालूच होता. मीमून समुद्राकडे पाहत उभा होता.

"म्हणून म्हणत होतो, लल्ला," तो हळूच म्हणाला, "राहू द्या."