चौकातला उतारा

आजही होता.

ज्ञानदानं स्कूटी थांबवली, डावा पाय खाली टेकवला आणि चौकाच्या मधोमध पाहिलं. कापलेला लिंबू, त्यावर कुंकू, काळ्या कापडाची चिंधी, आणि शेजारी फुटलेल्या हिरव्या बांगड्या. सकाळचे साडेसहा वाजले होते. नवा रायपूरचा सहा पदरी रस्ता चारी बाजूंनी रिकामा पडला होता. चारी खांबांवरचे सिग्नल विझलेले होते. तिचा हात आपोआप पोटावर गेला. तिला सातवा महिना चालू होता.

सिग्नल बंद पडला त्याला बारा दिवस झाले. तो शनिवार होता. रविवारी त्याच जागी एका दूधवाल्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. सोमवारपासून हा उतारा सुरू झाला. कालचा नाहीसा व्हायचा आणि सकाळी त्याच जागी नवा दिसायचा.

या नव्या राजधानीत रस्ते आधी आले, माणसं अजून यायची आहेत. रिकाम्या रस्त्यावर थांबतो कोण? सिग्नल चालू असतानाही लोक उपकार केल्यासारखे थांबायचे. बंद पडल्यावर तर चारी बाजूंनी रान मोकळं झालं. ज्ञानदा मात्र थांबायची. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आणि माहेरी वडिलांचा कायदा चालायचा. नीलकंठराव चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. विझलेला सिग्नल लालच धरायचा, हे तिला पाढ्यांच्या आधी शिकवलं गेलं होतं. त्यामुळे रोज त्या चौकात पूर्ण थांबून चारी बाजूंना पाहणारी ती एकटीच होती, आणि म्हणून तो उतारा रोज नीट पाहणारीही ती एकटीच होती.

बाळंतपणाची रजा अजून सुरू झाली नव्हती; तिची सकाळची पाळी पलीकडच्या सेक्टरातल्या इस्पितळात, नोंदणीच्या खिडकीवर होती. दुसरी वाट नव्हती. शेजारच्या खिडकीवरच्या सरितानं तिला हळूच सांगून ठेवलं होतं की सकाळी उतारा जो पहिला ओलांडतो, त्यालाच तो लागतो. ज्ञानदा असल्या गोष्टींना हसणारी. पण पोटात जीव वाढत असताना रोज आपणच पहिल्या आहोत, हे कळल्यावर हसू येईना. रात्री तिला डोळे मिटायची भीती वाटू लागली. कोणीतरी आपल्या जाण्यायेण्याची वेळ पाहून ठेवली आहे, असं तिच्या मनानं घेतलं.

घरी ती बोलली नाही. बाबांपुढे करणी-भानामतीचं नाव काढायची सोय नव्हती. शिवाय ते स्वतःच त्या रविवारपासून गप्प होते. अपघातानंतर ते दोन तास चौकात उभे राहून हात दाखवत होते. गाड्या हॉर्न मारून निघून जात होत्या. एकानं खिडकीतून सांगितलं, काका, घर जाओ. ते घरी आले आणि न जेवता झोपले. चौकाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी ज्ञानदा पाच वाजता उठली. घाबरून मरण्यापेक्षा एकदा पाहून घ्यावं, असं तिनं ठरवलं होतं. बाबांचा पलंग रिकामा होता. दाराशी चपला नव्हत्या. दोन गल्ल्या चालून ती चौकापाशी आली तेव्हा नुकतं फटफटत होतं. चौकाच्या मध्ये एक माणूस वाकलेला होता. ती सिग्नलच्या खांबाआड थांबली. मग तो माणूस सरळ झाला, आणि पाहते तर ते बाबा होते.

तिला एकदम सगळं उलगडलं. नियम सांगून कोणी थांबलं नाही, म्हणून या नास्तिक माणसानं लिंबू कापला होता. लेकीच्या वाटेवर गाड्या हळू व्हाव्यात म्हणून. तिला रागही आला आणि रडूही आलं. ती भराभर त्यांच्याकडे निघाली.

तेवढ्यात अभनपूरच्या बाजूनं गिट्टीनं भरलेला हायवा डंपर आला. पूर्ण वेगात. नीलकंठराव तिच्यापुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. हायवा तसाच येत राहिला. दिव्यांचा झोत रस्त्यावरून सरकत लिंबावर पडला, आणि ब्रेक करकचून लागले. चार हातांवर येऊन तो थांबला. ड्रायव्हरनं या दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं लिंबाला हात जोडले, चारी बाजूंना नजर टाकली आणि उताऱ्याला वळसा घालून हळूहळू निघून गेला.

"माणसासाठी नाही थांबला," नीलकंठराव म्हणाले. "लिंबासाठी थांबला."

ज्ञानदा हसली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास आला. तिनं त्यांचा दंड धरला. तुम्ही केलं ते चांगलंच केलं, पण मले सांगायचं तरी, मी किती भ्यायले, असं ती बोलत राहिली. पोटातलं बाळ हललं, तेही तिनं त्यांना सांगितलं.

"आता पुरे, बाबा," ती म्हणाली. "या उमरीत रोज पहाटे उठून काहून ठेवून राहिले?"

नीलकंठराव अजून त्या लिंबाकडेच पाहत होते.

"मी त्या पहिल्या सोमवारी एकदाच ठेवला, पोरी," ते म्हणाले. "बाकीचे कोण ठेवून राहिलं, तेच पाहायले आज आलो मी."