चार इंच

"वादळ येतंय, आज चार इंच बर्फ पडेल," हवामान केंद्रातल्या शालनने सकाळी भोंग्यावरून सांगितलं आणि बंदरावर हशा पिकला.

"अगो शालन, आषाढात चार इंच तर आमच्या पागोळ्यांतून गळतात!" तिचा थोरला भाऊ भार्गव खालून ओरडला. कोकणात बर्फ पडू लागल्याची ही दुसरीच थंडी. पहिल्या वर्षी नुसती भुरभुर झाली होती. त्यामुळे मासळीचा लिलाव बंद राहिला नाही. दुपारी साठ माणसं पत्र्याच्या शेडखाली जमली.

बाहेर गुडघाभर बर्फ साचला, तेव्हा शालनने यंत्राचा कागद पुन्हा वाचला. चार इंच हा आकडा बरोबर होता, पण तो बर्फ वितळल्यावर होणाऱ्या पाण्याचा होता. इंचभर पाण्याचा दहा इंच बर्फ होतो. जन्मभर पाऊसच मोजलेल्या शालनने सवयीने पाण्याचाच आकडा बर्फाचा म्हणून सांगितला होता.

तिने शेडमधल्या भार्गवला फोन लावला. ती बोलायच्या आत भार्गवच हसत म्हणाला, "तुझे चार इंच केव्हाच पडून गेले गो. आता थांबेलच."

"दादा, चाळीस! सगळ्यांना बाहेर काढ!"

"काय म्हणालीस? हा पत्रा फार करकरतोय, ऐकू येत नाही."