पुतळाबाईचा जबाब

"ही सही तुमचीच ना?" मॅनेजरने फाइल फिरवून रंजितासमोर धरली.

सही तिचीच होती. मार्चमधली. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि जुईनगरच्या घरात दिवसभर तिच्याजवळ कोणी नाही म्हणून रंजिताने तिला कळंबोलीच्या पुढे या केअर सेंटरमध्ये आणून ठेवलं. त्या दिवशी तिने अकरा ठिकाणी सह्या केल्या होत्या. वाचलं एकही पान नव्हतं.

"सुरक्षेसाठी लागेल तो उपाय करायला तुम्ही संमती दिलीये, मॅडम. पेशंटला खाटेला बांधावं लागतं. उठतात, पडतात. आणि त्यांना इथं ठेवलं कोणी? कोर्टात पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील."

परवापासून रंजिता स्वतःला हेच विचारत होती. परवा तिने आईची बाही सहज वर केली, तर मनगटावर काळेनिळे वळ. कुशीवर वळवलं, तर माकडहाडाशी पडून राहून झालेली तळहाताएवढी जखम. लगेच न्यायचं म्हणाली तर डॉक्टर रजेवर आहेत, त्यांच्या सहीशिवाय सोडता येत नाही, असं सांगून तिला परत पाठवलं होतं.

तिच्याबरोबर वाशीहून आलेली वकील, संघप्रिया, तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती. तिला कसलीच घाई नव्हती.

"ही संमती उपचाराची आहे," ती म्हणाली. "बांधायचा डॉक्टरांचा लेखी आदेश कुठाय?"

"ते तोंडी असतं."

"बरं. कूस बदलल्याची नोंद?"

मॅनेजरने तक्ता पुढे केला. दर दोन तासांनी बरोबरची खूण, खाली नर्सची सही. संघप्रियाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आज संध्याकाळी सहापर्यंत कूस बदलून झालीये. आत्ता सकाळचे सव्वाअकरा वाजलेत." तिने मोबाइलवर तक्त्याचा फोटो काढला, घड्याळासकट. मग रंजिताकडे वळली. "ताई, तुम्ही सही केलीत ती आईची काळजी घ्यावी म्हणून. 'हिला छळा' असा तिचा अर्थ कुठलंच कोर्ट काढत नाही. ते मनातून काढून टाका."

रंजिताने मान हलवली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला पूर्ण श्वास घेता आला.

"डिस्चार्ज मात्र सोमवारीच," मॅनेजर म्हणाला.

"मावशींना इथं आणा," संघप्रिया म्हणाली.

"त्यांना काही कळत नाही, मॅडम. स्वतःचं नावसुद्धा सांगत नाहीत."

"आणा तर खरं."

आयाने व्हीलचेअर आत ढकलली. ढगळ गाऊनमध्ये रंजिताची आई, पुतळाबाई, खाली मान घालून बसल्या होत्या. संघप्रिया त्यांच्यासमोर फरशीवर उकिडवी बसली.

"मावशी, मी वकील आहे. तुमच्या लेकीने आणलं मला. तुम्हाला इथं राहायचंय, की जायचंय?"

पुतळाबाईंनी मॅनेजरकडे पाहिलं, आयाकडे पाहिलं, मग त्या लेकीकडे पाहत राहिल्या.

"मना घरा जायाचा हाय."

संघप्रियाने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "नाव काय, मावशी?"

"पुतळा नामदेव घरत. सारसोल्याची."

"आज वार कोणता?"

"सनवार. काल आंघोलीचा दिस व्हता. घातली नाय."

संघप्रिया उठली. "बाई शुद्धीत आहे आणि जाते म्हणतेय. आता अडवलंत तर त्याला वेगळं कलम आहे. हा सोडण्याचा अर्ज, याच्यावर पोच द्या आणि फाइलची प्रत काढा. बाहेर ॲम्ब्युलन्स उभी आहे. आधी दवाखान्यात जखम दाखवू, मग पोलीस ठाण्यात."

मॅनेजरने ड्रॉवर उघडला, शिक्का शोधला आणि अर्जावर मारला. एवढंच करायचं होतं. एवढ्यासाठी आपण परवा हात जोडून उभ्या होतो, हे आठवून रंजिताला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. ती आईच्या गुडघ्याशी बसली.

"आये, मला का नाय सांगितलंस?"

"तू आयलीस का ही बाय जवलच उभी." पुतळाबाईंनी आयाकडे बोट केलं. "आनि तू गेल्याव मी यांच्याच हातान ना गो." मग त्यांनी लेकीच्या गालावरून हात फिरवला. "रडू नको. न्याया आयलीस ना."

रंजिताने डोळे पुसले आणि खुर्ची दाराकडे वळवली. दाराशी पोचताच पुतळाबाईंनी चौकट घट्ट धरली.

"थांब. त्या वकिलीन बायला सांग, अजून लिव."

"काय लिहू, मावशी?"

"माज्या बाजूला राहीबाई हाय, उरनची. बिछाना वला करतं म्हनून तिला पानी देत नाय. पल्याड प्रेमला हाय. तिला पन बांदतान. त्यांची कोन येत नाय."

"मॅडम, त्यांच्या घरच्यांची काही तक्रार नाही," मॅनेजर घाईने म्हणाला.

संघप्रियाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती टेबलापाशीची खुर्ची ओढून बसली, वहीचं नवं पान काढलं.

"सावकाश सांगा, मावशी. पहिल्या खाटेपासून."

पुतळाबाईंनी चौकट सोडली, डोळे मिटले आणि दारापासून खिडकीपर्यंतच्या नऊ खाटा एकेक करून सांगायला सुरुवात केली. नाव, गाव, काय दुखतं, आणि कोण कवापासून रडतं.