उघडलेली एकच फाइल

ऑफिसात त्यांना सगळे फुकटकाका म्हणत. वीस वर्षं त्यांचं एकच तुणतुणं: फुकट मिळणारा, कुठेही चालणारा प्रोग्रॅम वापरा, नोंदी एका कंपनीच्या कुलपात ठेवू नका.

निवृत्तीच्या दिवशी आस्थापनेतली मुलगी हताश होऊन म्हणाली, "काका, आपल्या नोंदी ज्यात आहेत तो जुना प्रोग्रॅमच तो विकणाऱ्या कंपनीने बंद केलाय. तुमची एकही फाइल उघडत नाही. तुम्ही इथे नोकरी केलीत, याचा निदान एक पुरावा तरी द्या, नाहीतर पेन्शन लटकेल."

संध्याकाळपर्यंत खटपट केल्यावर एक फाइल उघडली. नोंदी कुलपात नकोत, असा काकांनी स्वतःच्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेला पहिला अर्ज.

"चला, सुटलो," म्हणत काकांनी चष्मा लावला.



खाली तेव्हाच्या साहेबांनी टाइप केलेला शेरा होता: "घाई नाही. हे निवृत्त होतील तेव्हा बघू."