आजीला काय लागतं

"भेट महाग नको. त्या माणसाला काय लागतं ते बघून दे," असं आईने लेकीला बजावलं होतं. लेक आठवडाभर आजीच्या मागे मागे फिरली. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांसमोर आजीने पुडी उघडली, तर आत कापसाचे दोन बोळे.

"कानात घालायला," लेक म्हणाली.

आईला हसू आवरेना. "अगं वेडाबाई, आजीला आधीच ऐकू येत नाही!"

"येतं की! तू स्वयंपाक करताना मावशीला फोनवर आजीबद्दल काय काय सांगतेस ना, तेव्हा ती कानावर उशी दाबून धरते."



सासूबाईंनी बोळे मुठीत घट्ट धरले आणि सुनेकडे न बघता विचारलं, "काय म्हणतेय गं पोर? मला मेलीला कुठलं ऐकू यायला!"